सिमेंट उतरवलं, चुना चढवला

सफोकमधल्या आमच्या घराच्या पुढच्या भिंतीवरचं सिमेंट काढून तिथे पुन्हा चुन्याचा गिलावा केला, त्याची ही हकीगत. घर लाकडी सांगाड्याचं, गव्हाच्या काडाने शाकारलेलं, पंधराव्या शतकाच्या अखेरीचं आणि ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीतलं. इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींना असली घरं फार आवडतात. रविवारी गाडी काढून बघायला येतात, फोटो काढतात, पण विकत घ्यायचा विषय निघाला की 'नको बाई, ओल असते' म्हणून थांबतात. ओल असते हे खरंच आहे. आमच्याही घरात होती. ती कुठून आली आणि कशी हटली हे भिंत उघडल्यावर नीट समजलं, आणि तेच मला सांगायचं आहे.

आधी घराची रचना सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सफोकच्या या भागात बांधकामाचा दगड जवळजवळ नाहीच. जमिनीत चिकणमाती आणि गारगोट्या, वर ओकची झाडं. त्यामुळे इथलं जुनं घर म्हणजे ओकचा सांगाडा. खाली गारगोट्यांचं किंवा विटांचं बुटकं जोतं. जोत्यावर आडवी जाड तुळई, तिला इथले सुतार सोल प्लेट म्हणतात. तिच्यात उभे खांब बसवलेले, खांबांच्या डोक्यावर पुन्हा आडवी तुळई, समोरासमोरच्या भिंती धरून ठेवणारे बहाल आणि कोपऱ्यांत तिरपे टेकू. सगळे सांधे कुसू आणि खाचेचे, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, वरून ओकची खुंटी ठोकलेली. सांगाड्यात लोखंडी खिळा कुठेच नाही. खांबांच्या मधल्या जागेत काठ्यांचा कूड, कुडावर माती, मातीवर चुना. भिंतीची जाडी वीतभरही नाही. छपराचा उतार मात्र चांगला ५० अंशांचा, कारण काडावर पाणी रेंगाळून चालत नाही. पन्हळ नसते, वळचणच भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असते.

हे घर कुणा सरदाराचं नव्हतं. शेती करणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी अशा माणसाचं असावं. त्या काळात या पट्ट्यात लोकरीच्या कापडाचा पैसा खेळत होता. जवळचं लॅव्हनम निळ्या कापडासाठी नावाजलेलं होतं, आणि १५२४ च्या करनोंदींत इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत त्याचा क्रमांक लागतो. पुढे तो धंदा बसला, नवी घरं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही, म्हणून जुनी तशीच राहिली.

माळ्यावर चढून टॉर्च मारला की घराचं मूळ रूप दिसतं. मधल्या दोन खणांतले वासे काजळीने काळेकुट्ट आहेत, टोकाच्या खणातले नाहीत. बांधलं तेव्हा मधला भाग जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा होता, जमिनीवरच जाळ पेटायचा आणि धूर वर जाऊन काडातून वाट काढायचा. चिमणी आणि वरचा मजला नंतर घातला, बहुधा सोळाव्या शतकाच्या शेवटी. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १५७० ते १६४० हा काळ खेड्यापाड्यांतल्या घरांच्या मोठ्या पुनर्बांधणीचा म्हणून मांडला आहे, त्यातच आमची चिमणी बसते. चुलीच्या तोंडावरच्या तुळईवर थेंबाच्या आकाराचे जळके डाग आहेत. ते अपघाताने पडलेले नाहीत, कुणीतरी ज्योत धरून मुद्दाम उमटवलेले आहेत. आग लागू नये, वाईट काही धुराड्यातून घरात येऊ नये, अशा राखणीसाठी ते करत असावेत असं अभ्यासक मानतात. घरात आले की मी आधी पाहुण्यांना तेच दाखवते.

आता ओलीकडे वळते. पुढच्या भिंतीला आतून पोपडे सुटत होते, कपाटामागे बुरशी, आणि सलग पाऊस लागला की कुबट वास. एका कंपनीने भिंतीत रसायन टोचायचं आणि आतून पाणीरोधक गिलावा करायचा असं कोटेशन दिलं. सही करण्याआधी आम्ही थोडं वाचलं, आणि स्पॅब या संस्थेच्या घरमालकांसाठीच्या वर्गाला जाऊन आलो. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली ही संस्था. जुनी इमारत खरवडून नव्यासारखी करू नका, तिची रोजची निगा राखा, हा तिचा तेव्हापासूनचा आग्रह.

तिथे जे शिकलो ते असं. जुनी भिंत पाणी अडवत नाही. पाऊस लागला की थोडं पिते, वारा लागला की सोडून देते. माती, चुना, ओक, तिघांचा स्वभाव हाच. सिमेंट कडक आणि घट्ट. लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे फुगतो आणि आकसतो, तो हलला की सिमेंटला बारीक भेगा जातात, भेगांतून पाऊस आत जातो आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. मग ते खाली उतरतं आणि सोल प्लेटवर साचतं. आमच्या भिंतीवर १९७० च्या दशकात सिमेंट थापलेलं होतं. त्या वेळी हाच चांगला उपाय समजत, गावात अशी घरं अजून बरीच आहेत. त्या भिंतीत आतून पाणीरोधक थर दिला असता तर उरलीसुरली वाटही बंद झाली असती.

लिस्टेड घराला असं काम परवानगीशिवाय करता येत नाही. १९९० च्या कायद्याप्रमाणे तो फौजदारी गुन्हा आहे. इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टू आहेत, पण 'टू' म्हणजे सवलत नव्हे, नियम तेच. आणि फक्त दर्शनी भाग राखीव असतो हाही गैरसमज आहे, आतला जिना, दारं, फळ्यांची जमीन, सगळं त्यात येतं. अर्जाला फी नाही. निर्णयाची मुदत आठ आठवडे. नकाशे, फोटो, कुठल्या थराखाली काय असेल याचा अंदाज, चुन्याचं आणि वाळूचं प्रमाण, असं सगळं लिहून द्यावं लागलं. कौन्सिलच्या अधिकारी बाई घर बघायला आल्या तेव्हा त्यांनी भिंत बोटांच्या गाठींनी वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "आधी एक छोटा तुकडा उघडा. आत काय आहे ते बघू, मग बाकीचं ठरवू." हे मला फार आवडलं. एक गोष्ट मात्र पटत नाही. कोरं घर बांधलं तर व्हॅट शून्य, आणि पाचशे वर्षांचं घर दुरुस्त केलं तर पूर्ण २० टक्के.

मे महिन्यात परांची लागली. सिमेंट काढताना यंत्र वापरायचं नाही असं ठरलं होतं, छिन्नी आणि हातोडीच. पण फार ठोकावंही लागलं नाही. ते भिंतीला धरून नव्हतंच, मागच्या गंजक्या जाळीला लटकून होतं. थाळ्याएवढे तुकडे सुटून येत होते आणि त्यांची मागची बाजू ओली होती, हाताला पाणी लागत होतं. दारापासून डाव्या कोपऱ्यापर्यंतच्या सोल प्लेटमध्ये सुताराने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. ओकचं लाकूड, पण हाताने उकरता येत होतं. त्यात डेथवॉच बीटलची भोकं, साधारण तीन मिलिमीटरची. हा किडा कोरड्या, निरोगी ओकच्या वाटेला सहसा जात नाही, ओलीने आणि बुरशीने मऊ झालेलं लाकूड त्याला लागतं. जोडीदाराला बोलावताना तो लाकडावर डोकं आपटतो. पूर्वी आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना ती टकटक ऐकू यायची, म्हणून त्याला हे नाव.

उजव्या खणात मात्र वेगळंच निघालं. सुताराने हाक मारली. गिलाव्याखालच्या एका आडव्या लाकडात ओळीने शंकरपाळ्यासारख्या चौकोनी खाचा होत्या, कोपरा पुढे करून खोदलेल्या. वरच्या लाकडात तशाच खाचा आणि त्यांच्या मागे सलग खोबण. ती बिनकाचेची खिडकी होती. काच परवडत नसे, तेव्हा असे ओकचे उभे गज बसवत आणि थंडी-पावसात आतून लाकडी झडप खोबणीतून सरकवत. एका खाचेत गजाचा बोटभर तुकडा अजून होता. त्याची बाहेरची कड पावसाने झिजून गुळगुळीत झालेली, आतली कड अजून धारदार. मी ती कितीतरी वेळ चाचपत उभी होते.

काम थांबवून कौन्सिलला फोन केला, फोटो आणि मापं घेतली. माझ्या मनात खिडकी उघडी ठेवायची होती. पण ती नैर्ऋत्येला, इथला सगळा पाऊस त्याच बाजूने येतो. शिवाय ती बुजवली तेव्हाची माती आणि कूड तेवढेच जुने आणि शाबूत होते. तेव्हा त्याला हात न लावता वरून चुन्याचा गिलावा करायचा असं ठरलं. ती भिंतीत सुरक्षित आहे, तिचं रेखाटन घराच्या कागदपत्रांत आहे, आणि आता मला हेच बरोबर वाटतं.

सुतारकाम बघण्यासारखं होतं. खणाखाली लोखंडी टेकू लावून वरचा भार उचलून धरला, आणि मग कुजलेला भाग, फक्त कुजलेलाच, कापून काढला. चांगलं लाकूड लागलं की करवत थांबली. एका खांबाचा फक्त पायथा बदलला, शेजारच्याचं नुसतं कुसू. सोल प्लेटला नवा ओक तिरप्या सांध्याने जोडला. नवं लाकूड ओलंच वापरतात, कारण ओला ओक पटाशीला मऊ लागतो आणि वाळताना सांधा आवळत जातो. खुंटी मात्र वाळलेल्या ओकची. कुसवातलं भोक खाचेतल्या भोकापासून तीनेक मिलिमीटर मुद्दाम सरकवून पाडतात, म्हणजे निमुळती खुंटी ठोकत गेलं की सांधा आपोआप ओढला जातो. जिथे धातू लागलाच तिथे स्टेनलेस स्टील, कारण ओकमधल्या टॅनिनने साधं लोखंड खाल्लं जातं. जुन्या खांबांवर रोमन आकडे कोरलेले सापडले. सांगाडा आधी सुताराच्या अंगणात आडवा जुळवून, सांध्यांना क्रमांक देऊन, सोडवून मग जागेवर उभा करत, त्याच्या त्या खुणा. आमच्या सुताराने नव्या लाकडाच्या आतल्या बाजूला पटाशीने साल कोरून ठेवलं. पुढच्या दुरुस्तीवेळी जुनं कुठलं आणि आत्ताचं कुठलं यात कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून.

त्यानंतर कूड. सफोकची पद्धत अशी की दोन खांबांच्या मध्ये आडव्या काठ्या अडकवायच्या आणि त्यांना हेझलच्या उभ्या काठ्या सुतळीने बांधायच्या. हेझलचं झाड बुंध्याशी तोडलं की त्याला सरळसोट फुटवे येतात, ते काही वर्षांनी पुन्हा तोडायचे. आमच्या जवळच्या ब्रॅडफिल्ड वुड्स या रानात ही तोड १२५२ पासून चालू असल्याची नोंद आहे. म्हणजे हे घर बांधलं गेलं तेव्हासुद्धा ती पद्धत जुनीच होती.

नेमकी तेव्हा आई आमच्याकडे आली होती. तिचं माहेर संगमेश्वरजवळचं, आजोळच्या घराच्या मागच्या पडवीला कारवीचा कूड होता आणि दिवाळीआधी तो शेणमातीने सारवण्याचं काम या बहिणींकडे असे. बांधलेल्या काठ्या बघून ती म्हणाली, "अगं, हा कूडच की!" मग विचारलं, "मातीत शेण घालतात का?" घालतात, शेजारच्या शेतावरून आणलंच होतं. जुनी पडलेली माती फेकायची नव्हती, तीच पाण्यात भिजवून, थोडी नवी चिकणमाती, कापलेलं काड आणि शेण घालून पायांनी तुडवायची. पाचशे वर्षांची माती पुन्हा भिजते आणि पुन्हा चिकटते, सिमेंटचं असं होत नाही. आईने एक गोळा वळला, दाबला, म्हणाली, "पाणी जास्त झालंय, वाळताना तडकेल." गिलावेवाल्याने तसाच गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली टाकला. तो पसरला. त्याने मान हलवली आणि आणखी काड मागवलं. माती कुडाला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबावी लागते, म्हणजे ती काठ्यांच्या फटींतून एकमेकीला भिडते. एका खणाला आतून आई आणि बाहेरून मी, अशा दोघींनी ती लावली. तिच्या तळव्याचा दाब मला पलीकडून जाणवत होता.

माती वाळली, तिला भेगा पडल्या, त्या भरल्या. सांगाड्यावर चिरलेल्या ओकच्या पट्ट्या ठोकल्या, मधे बोटभर अंतर सोडून, आणि त्यावर चुना. चुन्याची गंमत अशी की तो दगडापासून निघून दगडापाशीच परत जातो. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की चुनकळी होते, पाणी घातलं की ती उकळून विरते, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा चुनखडी बनते. त्याला घाई सोसत नाही. उन्हाने लवकर वाळला तर भुगा होतो, थंडी पाच अंशांखाली गेली तर काम बंद. म्हणून सप्टेंबरअखेर सगळं आटपायचं होतं. तीन हात झाले. पहिल्या हातात बकरीचे केस भरपूर, थापीवर घेतलेल्या गोळ्याच्या कडेने ते दाट लोंबताना दिसले पाहिजेत. पट्ट्यांमधून पलीकडे गेलेला चुना मागे वळून बसतो, त्याच पकडीवर सगळा गिलावा उभा असतो. प्रत्येक हातानंतर ओलं गोणपाट टांगायचं आणि दिवसातून बरेचदा पाणी शिंपडायचं. ते काम माझ्याकडे होतं. अंगठा दाबला तर ठसा उमटू नये पण नखाची रेघ उठावी, एवढा घट्ट झाला की पुढचा हात.

येणारे-जाणारे विचारत, एवढी सुंदर लाकडं झाकता कशाला? पांढरी भिंत आणि डांबरासारखे काळे खांब हे जे चित्र डोळ्यांसमोर असतं, त्यातला काळा रंग बराचसा व्हिक्टोरियन काळातल्या आवडीचा आहे. सफोकमध्ये सतराव्या शतकापासून सांगाडे गिलाव्याखाली झाकण्याची रीत पडली. त्यामुळे घर उबदार राहायचं आणि सांध्यांत पाणी जायचं नाही. आणि गिलाव्याची कला इथे फार वर गेली. इप्सविचच्या एन्शंट हाऊसवर सतराव्या शतकातली उठावाची नक्षी आहे, तीत युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका असे चार खंड आकृतींतून दाखवले आहेत. ऑस्ट्रेलिया नाही, तेव्हा तो इथल्यांच्या जगात आलेलाच नव्हता. ज्याला या कामात रस असेल त्याने ते घर पाहावंच. आमच्या साध्या घराला साधाच गिलावा शोभतो, हातातल्या थापीने किंचित उंचसखल राहिलेला.

शेवटी चुन्याचा पातळ रंग, दुधाएवढा पातळ, पाच हात. लावताना भिंत ओली करून घ्यायची. ओला असताना त्यातून खालचं सगळं दिसतं, रंग चढतच नाही असं वाटतं, आणि वाळला की उजळतो. गुलाबी छटेसाठी त्यात गेरू घातला. सफोक पिंक म्हणतात तो याच घराण्यातला, पण बाजारात त्या नावाने मिळणारे डबे फार भडक असतात. आमची छटा फिकट विटकरीकडे झुकणारी आहे, कौन्सिलला नमुना दाखवून मंजूर करून घेतलेली.

परांची होतीच म्हणून छपराच्या आढ्याचं कामही त्याच वेळी उरकलं. पाखी अजून बरी आहेत, पण आढं दहा-पंधरा वर्षांनी नवं करावंच लागतं. शाकारणाऱ्याने लांब काड आपल्याच ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलं, जुन्या उंच वाणाचं. आजचा गहू बुटका आणि कंबाइनने कापलेला, त्याचं काड छपराला चालत नाही.

आतला पोपडा निघाला तो पुन्हा आला नाही. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की कुजायला सुरुवात होते, आमची सोल प्लेट पहिल्या हिवाळ्याअखेर सगळीकडे त्याच्या खाली होती. चुन्याचा रंग काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, तो आम्ही घरच्या घरी देऊ. मागच्या भिंतीवर अजून सिमेंट आहे. तिथेही वाजवल्यावर तोच पोकळ आवाज येतो. तिचा अर्ज या महिन्यात गेलाय, हेझल रानातून हिवाळ्यातच मिळतं म्हणून त्याची मागणी आधीच नोंदवून ठेवली आहे.

असं घर बघायला जाणार असाल तर आतली चूल आणि तुळया नंतर बघा. आधी बाहेरून जोत्याच्या वरची हातभर भिंत बघा. बोटाच्या गाठीने वाजवा, भेगा कुठल्या दिशेने जातात ते पाहा, जोत्याला मातीचा किंवा फरशीचा भराव भिडलेला आहे का ते पाहा. आणि वरचा थर चुन्याचा आहे की सिमेंटचा, हे विकणाऱ्याला सरळ विचारा.